टोले न पडलेली रात्र

आमच्या शाखेत रात्रीचा एक पहारेकरी असे. दर तासाला तो लोखंडाच्या तुकड्यावर टोले द्यायचा आणि माडीवर राहणारे आमचे मॅनेजर ते ऐकून कूस बदलून झोपायचे. एका रात्री टोले पडले नाहीत. साहेब अनवाणीच खाली आले. पहारेकरी तापाने फणफणला होता. चोरी झाली नव्हती. पण पहाऱ्यावरची शांतता दोन तऱ्हांची असते हे मला त्या रात्री कळले. एक चोर न आल्याची, दुसरी पहारेकरी शुद्धीवर नसल्याची. लांबून दोन्ही सारख्याच!

ही आठवण निघाली ती भाच्यामुळे. तो एका पतपेढीचा लिनक्सवर चालणारा संगणक सांभाळतो. त्याच्या दारात 'फायरवॉल' आहे. नको त्यांना परतवणारी भिंतच म्हणा ना. जोडीला 'पीसॅड' नावाचा पहारेकरी. पडद्याआड अखंड जागणाऱ्या अशा प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात. हा पहारेकरी स्वतः दारात उभा राहत नाही. फायरवॉलची नोंदवही वाचतो आणि कुणी एकामागून एक दारे चाचपताना दिसला, की ई-मेलने इशारा देतो.

"मामा, तीन आठवड्यांत एकही इशारा नाही. संचालक खूश आहेत, माझी मात्र झोप उडालीय."

"अरे, मग पहारेकरी जिवंत आहे का ते आधी बघ!"

त्याने पाहिले. डीमन चालू होता, ई-मेलही जात होती. मग रीतसर परवानगी घेऊन त्याने बाहेरून स्वतःच दारे ठोठावली. तरीही शांतता! नोंदवही उघडली, तर कोरी. शेवटी त्याने फायरवॉलचे नियम वाचायला घेतले. हे नियम वरून खाली, क्रमाने लागू होतात. महिन्यापूर्वी कुणीतरी ते नव्याने लिहिताना 'हाकलून द्या' ही ओळ वर आणि 'नोंद करा' ही ओळ खाली गेली होती. वरच्या ओळीने हाकललेला खालच्या ओळीपर्यंत पोहोचणार कसा? दोन ओळींची अदलाबदल केली, पुन्हा दार ठोठावले आणि मिनिटभरात इशारा आला.

१९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने तो सोडून दिला नाही. माग काढत तो थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकणारी टोळी त्यातून उघडकीला आली. चार आण्यांच्या फरकासाठी रात्री जागवणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना हा माणूस आपल्यातलाच वाटतो.

पतपेढीच्या बैठकीत एका संचालकांनी विचारले, "काही झालेच नव्हते, मग एवढा खटाटोप कशाला?"

भाचा म्हणाला, "काही झाले नव्हते, हे आपल्याला माहीत नव्हते, साहेब."

नोंदवहीतले ते तीन आठवडे आता कायमचे कोरेच राहणार. त्या भिंतीआड भाजीवालीची भिशी आहे, कुणाच्या मुलीच्या लग्नाची ठेव आहे. म्हणून भाचा आता दर सोमवारी बाहेरून स्वतःच एकदा दार ठोठावतो आणि टोला ऐकू आला, की मगच चहा घेतो.