वळाखतंय, म्हणानच फुंक

३१ डिसेंबरची रात्र, साडेअकरा वाजत आलेत. तारकर्लीकडून मालवणात येणाऱ्या अरुंद रस्त्यावर दोन बॅरिकेड तिरके लावलेत आणि आमची रिक्षा रांगेत तिसरी आहे. पुढे पुण्याची पांढरी मोटार, तिच्यापुढे मोटारसायकल. रिक्षावाले काका इंजिन बंद करतात, आतला दिवा लावतात, लायसन काढून हातात धरतात. कोणी सांगितलेलं नाही. "रात्री पोलिसांका आतलो माणूस दिसाक व्हयो," ते म्हणतात.

मोटारसायकलवाला इथलाच, एमएच ०७. एक पाय जमिनीवर, दुसरा अजून गियरवर. हवालदार मशीन पुढे करतो तसा हा हसतो. "माका वळाखतंस ना? तुज्या मावशेच्या शेजारचो मी."

"वळाखतंय, म्हणानच सांगतंय. फुंक."

या जिल्ह्यात ओळख निघत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि नाकाबंदीवरच्या पोलिसाला नेमकी तीच अडचण असते. एका शेजाऱ्याला सोडलं की उद्या सकाळपर्यंत मच्छीबाजारात सगळ्यांना कळणार. गडी नळीत अर्धवट फुंकतो, मशीन मानत नाही. पुन्हा. तिसऱ्यांदा हवालदाराचा आवाज चढतो, तेव्हा कुठे शिट्टी पूर्ण होते.

मोटारीतलं प्रकरण वेगळं. चालवणारा तिशीचा, काच पूर्ण खाली करून गाणं बंद करतो आणि गप्प बसतो. मागचा मित्र मात्र न बोलावताच उतरतो. "साहेब, सुट्टीवर आलोय हो. काय ती पावती इथेच फाडा ना."

सगळी गंमत इथेच आहे. हेल्मेट नसेल तर दंड भरून सुटता येतं. दारूच्या केसला, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला, ती सोयच नाही. प्रकरण कोर्टात जाणार. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० पर्यंत होता. मित्र अजून त्याच दरात वावरतोय. हवालदाराने मनावर घेतलं तरी रीतसर पावती तो फाडू शकत नाही, आणि बेरीतसर काही सुचवलं तर आज एकाच्या दोन केसेस होतील.

मित्र आवाज खाली आणतो. "फुंकूच नकोस. पुरावाच राहणार नाही."

अशी कायदेपंडिती चौथ्या पेगनंतर सुचते. नकार दिला की अटक होऊ शकते, मग दवाखान्यात रक्त. आणि विनाकारण दिलेला नकार कोर्टात त्याच्याच विरुद्ध जातो. अटक झालीच, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं, हेही त्याच कायद्यात आहे. पण ते शांतपणे विचारायचं असतं, छाती पुढे काढून नव्हे.

चालवणारा मित्राकडे बघतही नाही. "नवीन नळी लावाल का? आणि आधी चूळ भरू द्या." हवालदाराला राग येत नाही. तोंडात नुकत्याच घेतलेल्या घोटाने आकडा फुगू शकतो, म्हणून थोडं थांबणं त्यालाही पटतं. दहा-पंधरा मिनिटं जातात. किनाऱ्याकडून फटाक्यांचे आवाज येतात, नवीन वर्ष अजून लागलेलं नाही तरी. मग तो एका दमात फुंकतो. ६८. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. तो आकडा स्वतः वाचतो, चिठ्ठीवरची वेळ बघतो, सही करतो. "किती घेतली?" या प्रश्नाला "मशीनवर आलंय ते बरोबर असेल" एवढंच उत्तर. त्याला सुटका मिळत नाही, पण त्याचं प्रकरण वाढतही नाही. मित्राने हुज्जत घातली नसती तर सगळं याच्या निम्म्या वेळात आटोपलं असतं.

"न प्यायलेलं, लायसन असलेलं कोण आहे?" हवालदार विचारतो. चालवणाऱ्याची बायको मोबाईलवर डिजिलॉकर उघडते आणि न सांगताच मशीनसमोर येते. शून्य. गाडी तिच्याकडे द्यायलाच हवी असं नाही, हवालदार ती ठेवूनही घेऊ शकला असता. तो चावी तिच्या हातात देतो. मित्र मागच्या सीटवर बसतो, दार जरा जोरातच आपटून.

मोटारसायकलची चावी मात्र पोलिसांकडेच राहते. "ढकलत नेतंय रे, चालवणंय नाय," असा शेवटचा प्रयत्न होतो. तो फसतो, तसा गडी आमच्या रिक्षाशी येतो.

"देऊळवाड्याक किती?"

"दीडशे," काका म्हणतात.

"दीडशे? दिवसाचे पन्नास घेतंस मेल्या!"

"मगे दिवसा ये."

शंभरावर मिटतं. घासाघीस चालते अशी या रस्त्यावर आज तेवढी एकच जागा आहे. तो माझ्या शेजारी सरकून बसतो, वास येतो, आणि काका मशीनमध्ये फुंकून, शून्य दाखवून, गियर टाकतात.