एका सडाचा तोटा किती? वहीत मांडून बघा



दुकानात विक्री रोजच्यासारखी, पण गल्ल्यात पैसे कमी, असं झालं की आपण गळती शोधतो. गोठ्यातही तेच करायचं. तिथली एक मोठी गळती कासेत असते: कासदाह, म्हणजे आपली 'दगडी'.

कास सुजली, दुधात गुठळ्या आल्या की कुणालाही कळतं. खरा घात करतो तो सुप्त कासदाह. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय निवांत रवंथ करतेय, फक्त दूध कमी. आपण म्हणतो, "विऊन बरेच महिने झाले, दूध आटणारच." आणि चांगली गाय पडत्या भावात विकतो. कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

ओळखायचं कसं? सीएमटी चाचणी करा. चार खळग्यांच्या पॅडलमध्ये चारही सडांचं थोडं दूध वेगवेगळं घ्या, तेवढंच द्रावण टाका, गोल फिरवा. जिथे दूध घट्ट, चिकट होईल, त्या सडात गडबड आहे.

आता हिशोब. प्रत्येक सडाची धार वेगळ्या भांड्यात काढून मोजा. मागच्या सडांना पुढच्यापेक्षा दूध जास्त असतंच, म्हणून मागच्याची तुलना मागच्याशीच करा. समजा, मागचा उजवा 2.1 लिटर आणि डावा 1.4 लिटर. फरक 0.7 लिटर. दोन्ही वेळा तेवढाच निघाला तर दिवसाला 1.4 लिटर. दर 35 रुपये धरला तर रोज 49 रुपये, महिन्याला 1,470. वेताचे 200 दिवस उरले असतील तर 9,800 रुपये! हा अंदाजच आहे, पण एकाच सडाचा. एसएनएफ घसरला की दर कापला जातो तो वेगळा. औषधाच्या काळात दूध डेअरीला घालता येत नाही, तेही धरा.

याच्यासमोर बचावाचा खर्च मांडा: धारेनंतर सड बुडवायचं आयोडीनचं द्रावण, प्रत्येक गायीला वेगळं स्वच्छ फडकं, कोरडा गोठा. धार झाली की लगेच चारा टाका. सडाचं तोंड मिटायला वेळ लागतो, तोवर अर्धा-एक तास गाय उभी राहायला हवी. उपचार मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पहिली गाय घ्यायला निघालात? खिशात पैसे आणि पिशवीत पॅडल, दोन्ही हवंच. गाय किती लिटर देते हे विकणारा सांगेल. चारही सड चांगले आहेत का, हे तुम्हीच तपासा.