ऐकणाऱ्याचा चेहरा

वर्ग सुरू झाला की मॅडम आधी आवाज बंद करतात. गोरेगावातल्या एका जुन्या इमारतीत, खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत संकलन शिकणारी मुलं-मुली दाटीवाटीने बसलेली असतात. समोर मोठा पडदा, बाजूला किटलीतला गार झालेला चहा, तापलेल्या मशीनचा वास. पडद्यावर एक मध्यमवयीन माणूस कुणाशी तरी हस्तांदोलन करतो, लगेच हात अंगापासून लांब धरतो आणि मागे न बघता तसाच उभा राहतो. मागची बाई पर्समधून ओला टिश्यू काढून त्या हातावर ठेवते. मॅडम स्पेसबार दाबतात. चित्र थांबतं.

"हसू कुठे आलं?" त्या विचारतात.

एक मुलगा म्हणतो, हात पुसताना. दुसरी म्हणते, हात पुढे केला तेव्हाच. मॅडम मान हलवत चित्र मागे नेतात आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर आणून ठेवतात. तिचं लक्ष भलतीकडेच आहे. हात मात्र पर्समध्ये गेलेला आहे. "हिला बघावंसुद्धा लागत नाही. किती दिवसांची सवय असेल, सांगा बरं? एकही संवाद नाही, पण यांचा सगळा संसार कळला की नाही?"

मी या वर्गात येऊन बसले ती ओळखीच्या एका संकलकाने सहज टाकलेल्या वाक्यामुळे. तो म्हणाला होता, विनोद बोलणाऱ्याच्या तोंडात नसतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. आमच्या मॅडम ते एका अमेरिकन डिटेक्टिव्हवरून शिकवतात. मला तेव्हा एकदम किट्टी आठवली. 1985 साली दूरदर्शनवर आलेल्या 'करमचंद'मधला एकही गुन्हा आज मला धड सांगता येणार नाही. पंकज पराशर यांचं दिग्दर्शन, काळा चष्मा लावून गाजर खाणारे पंकज कपूर आणि त्यांच्या बोलण्यावर भाबडेपणाने काहीतरी विचारून 'शट अप' ऐकून घेणारी सुष्मिता मुखर्जींची किट्टी, एवढंच मनात राहिलंय. गुन्हे विसरले आणि ही दोघं लक्षात राहिली, असं का व्हावं, हे मला समजून घ्यायचं होतं.

वर्गातला डिटेक्टिव्ह म्हणजे एड्रियन मंक. 'मंक' ही मालिका 2002 ते 2009 या काळात अमेरिकेत आठ हंगाम चालली, 125 भाग झाले. अँडी ब्रेकमन हे तिचे कर्ते, मूळचे विनोदी लेखक. मंक हा सॅन फ्रान्सिस्को पोलिसांतला एकेकाळचा अव्वल तपासनीस. 1997 मध्ये बायको ट्रुडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात गेली आणि हा माणूस कोलमडला. मंत्रचळ आधीपासून होताच, तो आता बळावला. जंतू, उंची, गर्दी, दूध, सगळ्याची भीती. नोकरी गेली. मग नर्स सोबत घेऊन तो पोलिसांचा सल्लागार म्हणून काम करू लागला. टोनी शालूब यांना या भूमिकेसाठी तीन वेळा एमी मिळाला. मालिकेत मागून वाजणारं हसू नाही. कुठे हसायचं हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, आणि म्हणूनच मॅडमनी शिकवायला ती निवडली.

"मागे हसणारी माणसं असली की आपली चूक झाकली जाते," त्या म्हणाल्या. "इथे झाकायला काही नाही. 12 फ्रेम चुकल्या की विनोद मेला."

हा 12 चा आकडा त्यानंतर वर्गात सतत ऐकू येत राहिला. टाइमलाइन 24 फ्रेमची लावलेली. म्हणजे 12 फ्रेम हा अर्धा सेकंद. मॅडमनी हस्तांदोलनाच्या त्या तुकड्याची एक प्रत केली आणि बाईच्या चेहऱ्यावरच्या शॉटच्या शेवटून 12 फ्रेम काढून टाकल्या. पुन्हा चालवलं. सगळं तेच होतं, तोच हात, तोच टिश्यू. पण आता ती बाई फक्त मदतनीस वाटत होती. टिश्यू दिल्यानंतरचा तिचा तो पुसटसा सुस्कारा निघून गेला होता आणि त्याच्याबरोबर तिचं वैतागणं, माया, थकवा, सगळंच. खोलीत कुणी हसलं नाही. मग मॅडमनी उलट केलं, 12 फ्रेम वाढवल्या. आता ती बाई त्या माणसाला कंटाळलेली दिसू लागली. हसू आलं, पण ते कडवट होतं.

मी त्या वेळी पडद्याकडे बघायचं सोडून मॅडमच्या बोटाकडे बघत होते. साठीच्या आसपासची बाई, मनगटाला आधाराचा पट्टा, आणि स्पेसबारवर पडणारं ते एक बोट. अर्धा सेकंद त्या बोटाला घड्याळाशिवाय कळतो. आयुष्यभर मालिका कापून हे हात असे झाले आहेत. पडद्यावर त्यांचं नाव आजवर किती वेळा आलं असेल आणि किती जणांनी ते वाचलं असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

पहिल्या भागाची सुरुवात त्यांनी पूर्ण दाखवली. खून झालेल्या घरात मंक बारकाईने सगळं बघतोय, पोलीस त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभे, आणि त्याला छळतंय भलतंच: घरी शेगडी बंद केली होती का? नर्स शेरोना त्याला समजावते. तो खुनाचं एखादं निरीक्षण सांगतो आणि पुन्हा शेगडीवर येतो. मॅडमनी मुलांना कागद दिले आणि फक्त एवढंच लिहायला सांगितलं की कॅमेरा कधी कुणावर जातो. कागद भरले तेव्हा दिसलं की मंक काय बोलतो याच्याइतकंच इतरांना ते कसं पोचतं, हेही दाखवलेलं आहे. पोलीस चक्रावतात, शेरोना सरावलेली. या दोन चेहऱ्यांमधला फरक म्हणजे त्या भागाचा विनोद.

रहस्याची बाजू त्या भराभर आटोपतात. खून होतो, मंकला एक खटकणारी वस्तू दिसते, शेवटी कृष्णधवल दृश्यांत तो सगळं उलगडून सांगतो. हा साचा प्रत्येक भागात जवळपास सारखा. मला तर वाटतं, साचा ठरलेला आहे म्हणूनच माणसांकडे बघायला आपल्याला सवड मिळते.

मग एका मुलीने हात वर केला. नगरकडची होती, तिचा भाऊ अशाच आजाराने दिवसातून कितीतरी वेळा हात धुतो, असं म्हणाली. "मॅडम, आपण त्याच्या आजारावरच हसतोय ना?"

खोली गप्प झाली. मॅडम लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळा, तू विचारलंस ते प्रत्येक कटला विचारायचं असतं. त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर कट मारून तिथेच सोडलंस, तर आपण त्याला हसलो. शेरोनावर गेलीस आणि तिच्या डोळ्यांतून त्याच्याकडे पाहिलंस, तर आपण त्या दोघांबरोबर हसलो. इकडे की तिकडे, ते त्या 12 फ्रेममध्येच ठरतं."

हे उत्तर मला पटलं, पण पूर्ण नाही. नंतरच्या हंगामांत मंक काही वेळा अगदीच लहान मुलासारखा होतो, आणि तिथे कॅमेरा कुणावरही नेला तरी आजाराची गंमतच उरते. त्या मुलीचा प्रश्न तिथे लागू पडतो. पण मॅडमनी उत्तरादाखल जे पुढे दाखवलं, त्याने मी हलले.

तिसऱ्या हंगामाचा पहिला भाग, मंक न्यूयॉर्कला जातो तो. तिथल्या रुग्णालयात मरणाच्या दारात असलेला एक माणूस पडलेला आहे. ट्रुडीला मारणारा बॉम्ब त्याने बनवलेला. तो मंककडे क्षमा मागतो. मंक पुढे होतो आणि त्याला लावलेलं मॉर्फिन बंद करतो. हे मी करतोय, असं सांगतो. मग ते पुन्हा चालू करतो आणि म्हणतो, हे ट्रुडी करते आहे. दाराच्या मुठीला हात लावायला घाबरणारा हाच हात आपण इतका वेळ हसत बघत होतो. खोलीत आवाज चालू होता तरी कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. ती नगरची मुलगी पुढे सरकून बसली होती. मॅडमनी शॉट थांबवला नाही, पूर्ण जाऊ दिला.

आधीचं हसणं खरं होतं म्हणून हे दुःखही खरं वाटलं. मालिका थट्टा करते की माया, हे अशाच ठिकाणी कळतं.

नात्यांचा दुसरा धडा दोन सहायकांचा. शेरोना त्याला 'एड्रियन' म्हणते. न्यू जर्सीची नर्स, एका मुलाची एकटी आई, तोंडाची फटकळ. मालिकेच्या तिसऱ्या हंगामात बिटी श्राम बाहेर पडल्या आणि 2005 च्या सुरुवातीला ट्रेलर हॉवर्ड यांची नॅटली आली. नवऱ्याला युद्धात गमावलेली, पदरी मुलगी. ती त्याला शेवटपर्यंत 'मिस्टर मंक' म्हणते. मॅडमनी दोघींची टिश्यू देण्याची दृश्यं शेजारीशेजारी चालवली. शेरोना खडसावून देते, नॅटली सांभाळून घेत. शेरोना सोबत असताना मंक रागे भरलेल्या मुलासारखा दिसतो. नॅटली सोबत असताना तोच चिक्कू, हट्टी मालक होतो, तिच्या खर्चाचे पैसे द्यायला कुरकुरणारा. त्याच्या भूमिकेत काही बदललेलं नाही. समोरचा चेहरा बदलला आणि माणूस वेगळा दिसू लागला. कॅप्टन स्टॉटलमायरचंही तसंच. सुरुवातीला मंकवर वैतागणारा हा अधिकारी हळूहळू त्याचा जिवाभावाचा मित्र होतो, आणि हे कुठल्याही भाषणातून कळत नाही. मंक बरळत असताना कॅप्टन त्याच्याकडे किती वेळ शांतपणे बघतो, त्यावरून कळतं.

चहाच्या सुट्टीत मी मॅडमना विचारलं, आपल्याकडे हे का होत नाही? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, रोजची मालिका असते. संध्याकाळचा भाग दुपारी हातात येतो. एक वाक्य झालं की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे तीनतीनदा दाखवायचे, वर ढॅण ढॅण संगीत टाकायचं, की भागाची लांबी भरते. तिथे 12 फ्रेमचा विचार कोण करणार? आणि केलाच तर त्याचे पैसे कोण देणार?" चेहरे त्या मालिकांतही असतात, भरपूर असतात. पण ते ऐकत नसतात, वेळ भरत असतात.

ऐकणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं मात्र नाही. 'सीआयडी'त मृतदेह, प्रयोगशाळा आणि तुटणारी दारं यांच्या गर्दीत दिनेश फडणीस यांचा फ्रेडरिक्स नुसता भांबावून बघायचा आणि सगळा प्रसंग सैल व्हायचा. 2023 च्या डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा लोकांना आठवला तो त्यांचा हाच चेहरा. मराठी वाचकाला डिटेक्टिव्ह आणि त्याचा जोडीदार नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूंवर एका पिढीने रात्री जागवल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर रहस्य आणि हसू एकाच खिशात घेऊन फिरणारा मुलगा. 1987 साली सुमीत राघवन यांनी तो दूरदर्शनवर साकारला होता.

लेखक आहेत, नट आहेत, आणि अर्धा सेकंद बोटावर मोजणाऱ्या मॅडम गोरेगावात मुलं तयार करताहेत. कमी आहे ती फक्त वेळेची. मराठी वाहिन्यांपैकी एकीने तरी रोजच्या रतीबातून एक जागा मोकळी करावी, आठवड्याला एकच भाग मागावा, आणि तो कापायला संकलकाला पुरेसे दिवस द्यावेत.