मेंदूच्या ऑपरेशननंतर ताप आला तर?

मेंदूच्या ऑपरेशननंतर ताप आला, मान आखडली, की पंचाईत होते. डोकं तर ऑपरेशनमुळेही दुखतंच! म्हणून मणक्यातलं पाणी काढून तपासतात. साखर कमी, लॅक्टेट जास्त असेल तर जंतूंचा संशय बळावतो. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कल्चर रिपोर्ट.

एलिझाबेथकिंगिया हा दुर्मिळ जंतू घ्या. एलिझाबेथ किंग यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. हॉस्पिटलच्या बेसिनमध्येही तो सापडलाय. अशा तापात बऱ्याचदा मेरोपेनेम सुरू करतात, आणि नेमकं तेच तगडं औषध याच्यावर सहसा चालत नाही! जंतू कळला, की कशाने मरतो ते बघून मिनोसायक्लिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध देतात. पाण्याचा नमुना शक्यतो पहिल्या डोसआधी घेतात. पेशंट खालावत असेल तर मात्र डोस अडवून ठेवत नाहीत.