लागोसमध्ये इबोला का फोफावला नाही?

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक प्रवासी नायजेरियातल्या लागोसच्या विमानतळावर कोसळला. त्याला इबोला झाला होता. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत ही साथ तोवर हाताबाहेर गेली होती. लागोसची लोकसंख्या दोन कोटींच्या घरात, वस्त्या दाटीवाटीच्या, आणि सरकारी डॉक्टर संपावर. आता हे शहर वाचत नाही, असंच जगभरच्या जाणकारांना वाटत होतं. प्रत्यक्षात अख्ख्या नायजेरियात मिळून २० जणांना लागण झाली, त्यातले ८ दगावले. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस नवा रुग्ण सापडला नाही आणि २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने देश इबोलामुक्त झाल्याचं जाहीर केलं.

त्या तीन देशांत मात्र साथ संपेपर्यंत २८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ११ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. विकसनशील देशांतल्या साथींबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चांपर्यंत ज्या समजुती चालतात, त्या या दोन आकड्यांसमोर ठेवून तपासायला हव्यात.

‘गरीब देशांना साथ आवरतच नाही’

लागोसच्या त्या रुग्णावर सुरुवातीला मलेरियाचेच उपचार झाले. तिथे ताप म्हटलं की आधी मलेरियाच आठवतो. संपामुळे त्याला एका खासगी रुग्णालयात दाखल केलं होतं. तिथल्या वरिष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी त्याला तपासलं, तो कुठून आला हे लक्षात घेतलं आणि इबोलाच्या रुग्णाशी आपला संबंध आलाच नाही असं तो सांगत असतानाही तपासणी करायला लावली. तो लायबेरिया सरकारचा अधिकारी होता आणि एका परिषदेला निघाला होता. त्याला सोडा, असा वरून दबाव आला. अडाडेव्हो यांनी सोडलं नाही. पाच दिवसांत तो रुग्ण गेला. १९ ऑगस्टला इबोलानेच त्याही गेल्या.

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॅलसला लायबेरियाहून आलेला दुसरा एक प्रवासी ताप घेऊन रुग्णालयात गेला. आपण आफ्रिकेतून आल्याचं त्याने परिचारिकेला सांगितलंही होतं. अँटिबायोटिक्स देऊन त्याला घरी पाठवण्यात आलं. काही दिवसांनी तो रुग्णवाहिकेतून परत आला, तेव्हा निदान झालं. तो वाचला नाही, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. यंत्रसामग्रीची तुलना केली तर डॅलसपुढे लागोस कुठेच नव्हतं. डॅलसला कमी पडली ती शंका. रुग्ण कुठून आला ही माहिती रुग्णालयात पोचली होती, तिचं पुढे कोणी काही केलं नाही.

‘विमानतळावर ताप तपासला की झालं’

डॅलसच्या त्या प्रवाशाचं तापमान मन्रोव्हियाच्या विमानतळावर मोजलं होतं. ते ठीकच निघालं, कारण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात. कपाळावर रोखलेली ती बंदूक लोकांना धीर देते, त्यापलीकडे तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

‘क्षमता म्हणजे इमारती आणि यंत्रं’

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हा आहे, आणि राजकारण्यांच्या सोयीचाही. इमारतीचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. तपासनिसाच्या दारोदारच्या फेऱ्यांचं उद्घाटन कसं करणार?

नायजेरियात संशयित किंवा सिद्ध रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांची यादी ८९४ जणांची झाली. प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवायचं होतं. दीडशेहून अधिक लोक या कामाला लागले आणि त्यांनी सुमारे १८,५०० वेळा प्रत्यक्ष जाऊन भेटी घेतल्या. कागद-पेन्सिल घेऊन ८९४ ला २१ ने गुणलं तर उत्तर येतं १८,७७४. म्हणजे जवळजवळ रोज, जवळजवळ प्रत्येकाच्या दारात माणूस उभा होता. भेटीत करायचं काय, तर ताप मोजायचा, उलट्या-जुलाब, अंगदुखी काही आहे का विचारायचं, नोंद पाठवायची आणि उद्या पुन्हा यायचं. ताप निघाला तर वेगळं पथक येणार. कंटाळवाणं काम आहे. त्यातच घरमालक भाडेकरूला निघ म्हणतो, शेजारी दार लावून घेतात, आणि यादीतला माणूस चुकीचा पत्ता देतो.

यादीतला एक जण निसटलाही. तो विमानाने पोर्ट हारकोर्टला गेला आणि हॉटेलच्या खोलीत एका डॉक्टरकडून गुपचूप उपचार घेऊन बरा झाला. डॉक्टर मात्र आजारी पडला. लक्षणं दिसू लागल्यावरही तो काही दिवस रुग्ण तपासत होता, घरी पाहुणे येत-जात होते. तो गेल्यावर त्या एका शहरातल्या संपर्कांची यादी पाचशेच्या वर गेली. एक निसटला तर केवढ्याला पडतं ते इथे दिसतं, आणि ही यादीही पुरी केली गेली हे त्याहून महत्त्वाचं.

अफवांचं वेगळंच. मिठाचं पाणी पिऊन इबोला टळतो असं कोणीतरी पसरवलं आणि ते पिऊन किमान दोघे दगावले. म्हणून संपर्कातल्या लोकांच्या आसपासच्या सुमारे २६ हजार घरांत जाऊन माणसांनी माणसांशी बोलण्याचं कामही झालं.

ही माणसं एका रात्रीत आली नव्हती. नायजेरियात पोलिओ संपत नव्हता, म्हणून २०१२ मध्ये तिथे आपत्कालीन कार्यकेंद्र उभारलं होतं. रोजची बैठक, एकच नेतृत्व, कोणत्या वॉर्डात काय राहिलं याचा रोजचा हिशोब, अशी त्याची पद्धत. पोलिओचे रुग्ण २०१२ मधल्या १२२ वरून २०१४ मध्ये ६ वर आले. इबोला येताच तीच पद्धत आणि त्यातले अधिकारी लागोसकडे वळवले गेले. पोलिओ केंद्राचे उपप्रमुख फैसल शुऐब यांच्याकडे सूत्रं दिली. प्रत्यक्ष साथीच्या जागी जाऊन तपास कसा करायचा याचं प्रशिक्षण देणारा कार्यक्रमही देशात २००८ पासून चालू होता, तिथून शिकून निघालेले डॉक्टर हाताशी होते. निदान लागोसमधल्याच विद्यापीठ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झालं. गिनीत मात्र पहिला रुग्ण, मेलिआंदू गावातला एक लहान मुलगा, डिसेंबर २०१३ मध्ये गेला आणि हा इबोला आहे हे मार्च २०१४ मध्ये, नमुने युरोपात पोचल्यावर कळलं. ते तीन महिने विषाणूला मोकळं रान होतं. त्या साथीवर पुढे जगाला साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला.

‘बाहेरचे तज्ज्ञ येऊन सोडवतील’

लागोसला बाहेरचे आले होते. जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र (सीडीसी), सीमारहित डॉक्टरांची संघटना यांनी प्रशिक्षण दिलं, इबोला वॉर्ड कसा चालवायचा ते दाखवलं. ती मदत मोलाची होती. पण कोणत्या गल्लीत कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे परदेशी तज्ज्ञाला कुठून कळणार?

‘आकडे वाढले म्हणजे यंत्रणा फसली’

हा आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका गैरसमज. भारतात २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद कळवणं सक्तीचं झालं. २०१३ मध्ये सुमारे १४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०१९ मध्ये २४ लाख. क्षय काही सहा वर्षांत दहा लाखांनी वाढला नव्हता. जे रुग्ण आधी खासगी दवाखान्यांच्या कागदपत्रांत अडकून पडत ते आता सरकारला दिसू लागले होते. साथरोगाच्या पहिल्या रुग्णाला बहुतेकदा खासगी डॉक्टरच पाहतो. तो कळवत नसेल तर आरोग्य खात्याचे तक्ते कितीही नेटके असोत, निम्मं चित्र कोरंच राहणार.

उलट, शून्य आकडाही कमावावा लागतो. पोलिओच्या देखरेखीत पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडेल त्या प्रत्येकाची नोंद होते आणि शौचाचे दोन नमुने घेतले जातात, कारण काहीही वाटो. एक लाख मुलांमागे दरवर्षी असा निदान एक तरी रुग्ण, पोलिओ नसलेला, सापडलाच पाहिजे अशी अट असते. सापडला नाही तर जिल्ह्याला शाबासकी मिळत नाही, तिथे कोणी शोधतच नाही असं धरलं जातं. दर आठवड्याला ‘निरंक’ अहवाल भरून पाठवणारा कारकून हा त्या व्यवस्थेचा कणा आहे. त्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि मग ‘निरंक’ न बघताच लिहिलं जाऊ लागतं.

‘साथ गेली, आता ही माणसं कशाला?’

भारतात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला प्लेगचा रुग्ण १९६६ नंतर नव्हता. देखरेख सैलावली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी उंदीर पडताच घरं सोडून रानात झोपड्या टाकल्या होत्या, त्या मुलखात या खुणेचा अर्थ कोणाला सांगायला नको. पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आले आणि सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोकांनी शहर सोडलं, त्यांत खासगी डॉक्टरही होते. मृत्यू साठांच्या आतच राहिले, पण विमानं बंद झाली, निर्यात अडली, देशाची जगभर शोभा झाली. साथरोगांच्या देखरेखीचा एकात्मिक राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये सुरू झाला.

यंत्रणा राखली तर काय होतं हे केरळात बघावं. २०१८ मध्ये कोझिकोडला निपाह विषाणूचा पहिला रुग्ण निदानाविनाच गेला. त्याच घरातला दुसरा आजारी पडला तेव्हा एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना संशय आला, नमुना मणिपालला गेला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने शिक्कामोर्तब केलं. तोवर लागण रुग्णालयांत पसरली होती. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण १८ होते आणि त्यातले बहुतेक वाचले नाहीत. २०१९ मध्ये एर्नाकुलमला एकच रुग्ण सापडला आणि तो बरा झाला. २०२१ मध्ये पुन्हा कोझिकोडला एक मुलगा दगावला, पण दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही. विषाणू तोच, तो बाळगणारी वटवाघळंही तीच. डॉक्टरांना नाव आठवायला लागणारा वेळ तेवढा कमी झाला होता.

‘हे सेवेचं काम आहे, मोबदल्याचं काय एवढं!’

लागोसला पहिला रुग्ण खासगी रुग्णालयात गेला तो सरकारी डॉक्टरांच्या संपामुळे. तिथे नशिबाने अडाडेव्हो भेटल्या. दरवेळी नशीब असं साथ देईलच असं नाही. महाराष्ट्रात दारोदारचं हे काम आशा स्वयंसेविका करतात. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरणाऱ्यांत त्याच होत्या. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वेळेवर मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. संपाच्या बातम्यांत मागण्या आल्या, आश्वासनं आली, मंत्र्यांबरोबरच्या बैठका आल्या. त्या आठवड्यांत त्यांच्या वाट्याच्या घरांत तापाची चौकशी कोण करत होतं, हे मात्र कोणी विचारलेलं दिसलं नाही.