गोल पृथ्वी, सपाट अंगण

पृथ्वीचा आकार कसा, असं तिसरीच्या वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "गोऽऽल!" बाई खूश होतात आणि धडा पुढे सरकतो. गोल आहे, तर मग आपण तिच्यावर कुठे राहतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी ते विचारलं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या 60 मुलांशी बोलून त्यांनी 1992 साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. काही मुलांची पृथ्वी गोल होती, पण थाळीसारखी चपटी. काहींची चेंडूसारखी, पण पोकळ. माणसं तिच्या पोटात, सपाट जमिनीवर राहणारी. काहींनी तर दोन पृथ्वी मानल्या होत्या, एक पायाखालची आणि एक आकाशातली. पुढे हैदराबादच्या मुलांशी बोलताना पाण्यावर तरंगणारी पृथ्वीही भेटली. ती मुलांनी घरीदारी ऐकलेल्या गोष्टींतून आलेली असावी.

या निष्कर्षांवर इंग्लंडमध्ये आक्षेप घेतले गेले. चित्र काढायला न लावता तयार प्रतिकृतींतून निवड करायला दिली, तर मुलं बरीच बरोबर उत्तरं देतात, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. आक्षेप रास्त आहे. तरी पोकळ पृथ्वी कल्पिणाऱ्या मुलाला मी अडाणी म्हणणार नाही. बाई सांगतात ते आणि डोळ्यांना दिसतं ते, दोन्ही खरं मानून त्याने मेळ घातला आहे. विज्ञानात हेच तर करायचं असतं! अशा मुलाला "चूक" म्हणून खाली बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

माझं म्हणणं असं, की पृथ्वीगोलाच्या आधी सावली शिकवावी. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायची. प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. पुण्यात डिसेंबरमध्ये सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही. ती साडेबाराच्या सुमारास पडते. "सूर्य बाराला डोक्यावर येतो" हे वाक्य मुलं तिथल्या तिथे स्वतःच खोडतात.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो, यासाठी उत्तम, पण आपल्याकडे तो अडचणीचा. पुण्या-मुंबईत तो मेच्या मध्याला, म्हणजे ऐन सुट्टीत येतो; दुसऱ्यांदा येतो तो जुलैअखेरीस, ढगांत. म्हणून डिसेंबर धरावा. 22 डिसेंबरच्या भर दुपारी मीटरभर काठीची सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात साधारण 84 सेंटिमीटर भरते, नागपुरात 99. दोन शाळांनी फोनवर आकडे कळवले की झालं. जमीन सपाट आणि सूर्य फार लांब असता, तर दोन्ही सावल्या सारख्याच भरायला हव्या होत्या. हे 15 सेंटिमीटर आले कुठून, यावर पाचवीच्या वर्गाला दोन-तीन दिवस भांडू द्यावं, आणि मगच कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढावा.