कोणतंही विमान, कुठेही

वैमानिकाच्या लॉगबुकात तारीख, निघाल्याचं ठिकाण, पोचल्याचं ठिकाण आणि हवेतला वेळ यांच्या जोडीला आणखी एक रकाना असतो: विमानाचा प्रकार. आज मुंबई-दिल्ली मार्गावरच्या एखाद्या वैमानिकाचं लॉगबुक उघडलं, तर या रकान्यात पानामागून पान ‘ए-३२०’ एवढंच दिसेल. ते तसंच असायला हवं. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे पुन्हा वर्गात बसायचं, सिम्युलेटरवर तासच्या तास काढायचे, परीक्षा द्यायची आणि मगच परवान्यावर नव्या विमानाची नोंद होते. यंत्र इतकं अंगवळणी पडावं की संकटातही हात चुकू नये, हा त्यामागचा विचार.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये मात्र अशी एक संस्था होती, जिच्या वैमानिकांच्या लॉगबुकात हा रकाना दर ओळीला बदलायचा. सकाळी स्पिटफायर, दुपारी वेलिंग्टन हे दोन इंजिनांचं बॉम्बर, संध्याकाळी उघड्या कॉकपिटचं टायगर मॉथ. त्यातलं एखादं तर त्या वैमानिकाने आयुष्यात पहिल्यांदाच हाती घेतलेलं असायचं. संस्थेचं नाव एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, पण सगळे तिला एटीए म्हणत. कारखान्यातून बाहेर पडलेलं विमान हवाई दलाच्या तळावर पोचवायचं, मोडकं दुरुस्तीला न्यायचं, निकामी झालेलं भंगाराच्या जागी नेऊन ठेवायचं, हे तिचं काम. ‘काहीही, कुठेही’ हे तिच्या लोकांच्या तोंडचं ब्रीद. सहा वर्षांत त्यांनी सुमारे ३ लाख ९ हजार विमानं पोचवली, आणि ती १४७ वेगवेगळ्या प्रकारांची होती.

एकाच माणसाने इतकी वेगवेगळी यंत्रं चालवली, की आपण त्याचं श्रेय त्याच्या उपजत गुणाला देतो. एटीएचा इतिहास वाचताना मला उलट जाणवतं. तिथे असामान्य माणसं होतीच, पण त्यांना तारलं ते विचारपूर्वक बसवलेल्या पद्धतीने.

संस्थेची कल्पना जेरार्ड डर्लांजे यांची. युद्ध होणार हे दिसू लागल्यावर त्यांनी सुचवलं, की वय उलटल्यामुळे किंवा शारीरिक कारणाने हवाई दल ज्यांना घेणार नाही, पण ज्यांना विमान चालवता येतं, अशा नागरिकांचा उपयोग करून घ्यावा. १९३९च्या सप्टेंबरमध्ये काम सुरू झालं, आणि पुढे बर्कशरमधलं व्हाइट वॉल्थम हे मुख्य ठाणं झालं. आलेली माणसं पाहण्यासारखी होती. पहिल्या महायुद्धात लढलेले, चष्मा लावणारे, पन्नाशी गाठलेले. स्ट्यूअर्ट कीथ-जॉप यांना एकच हात आणि एकच डोळा होता, आणि ते लढाऊ विमानं पोचवत होते.

स्त्रियांचा प्रवेश इतका सरळ झाला नाही. पॉलीन गॉवर या अनुभवी वैमानिकेने अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा १९४०च्या जानेवारीत हॅटफील्डला आठ जणींची तुकडी उभी राहिली. विमान-नियतकालिकाच्या एका संपादकाने त्यांच्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. त्यांना विमान दिलं ते फक्त टायगर मॉथ. आपल्याकडे फ्लाइंग क्लबांत अनेक पिढ्या ज्याच्यावर उडायला शिकल्या, तेच हे दोन मजली पंखांचं, वर छप्पर नसलेलं विमान. ते घेऊन या बायका ऐन हिवाळ्यात स्कॉटलंडपर्यंत जात. उतरल्यावर थंडीने आखडलेलं अंग उचलून कॉकपिटबाहेर काढायला मदत लागे. १९४१च्या जुलैत त्यांच्या हाती पहिल्यांदा हरिकेन हे लढाऊ विमान आलं आणि मग एकेक दार उघडत गेलं. सुरुवातीला त्यांना पुरुषांपेक्षा एक पंचमांश कमी पगार होता. १९४३ मध्ये तो बरोबरीचा झाला. सरकारी कामात त्या काळी हे जवळपास न ऐकलेलं होतं, आणि गॉवर यांचं हे यश मला त्या संस्थेच्या कुठल्याही उड्डाणाइतकंच मोठं वाटतं.

आता त्या पद्धतीकडे येतो. एटीएने सगळ्या विमानांची सहा वर्गांत विभागणी केली. पहिल्या वर्गात एका इंजिनाची हलकी विमानं, दुसऱ्यात स्पिटफायर-हरिकेनसारखी वेगवान लढाऊ, तिसऱ्यात दोन इंजिनांची हलकी, चौथ्यात दोन इंजिनांची जड, पाचव्यात चार इंजिनांचे बॉम्बर, सहाव्यात पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या नौका. वैमानिकाला वर्गातल्या एखाद-दुसऱ्या विमानावर शिकवायचं. तेवढं जमलं, की त्या वर्गातलं कोणतंही विमान तो नेऊ शकतो असं धरायचं. मग काही महिने त्याच वर्गात काम, हात बसला की वरच्या वर्गाचं शिक्षण. प्रत्येक नव्या प्रकारासाठी वेगळा धडा नाही, शेजारी बसून दाखवणारा शिक्षक नाही. त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांत दुसरी जागाच नसे.

या धाडसाला आधार होता तो खिशात मावणाऱ्या एका वहीचा. तिचं नाव फेरी पायलट्स नोट्स. पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या आकाराची जाड कार्डं वरच्या बाजूला कड्यांत ओवलेली. साधारण एका विमानाला एक कार्ड. कारखान्याची किंवा हवाई दलाची पुस्तिका जाडजूड असे, कारण तिला बॉम्ब, बंदुका, उंचावरची लढाई असं सगळंच सांगायचं असे. एटीएच्या तांत्रिक विभागाने फेरीच्या वैमानिकाला नको असलेलं सगळं त्यातून काढलं. उरलं ते एवढंच: इंजिन कसं सुरू करायचं, उड्डाणाला किती ताकद द्यायची, चाकं आणि फ्लॅप कसे हलवायचे, कोणत्या वेगाने यायचं, पेट्रोलच्या टाक्या कशा बदलायच्या आणि हे विमान कुठे दगा देतं. धावपट्टीच्या कडेला, इंजिन सुरू करण्याआधी, मांडीवर वही उघडून कार्ड वाचणारी मुलगी हे तिथलं रोजचं दृश्य होतं.

कार्डाच्या जोडीला एक ठरलेला घोष असे. उड्डाणाआधी अमुक क्रमाने हात फिरवायचा: हायड्रॉलिक, ट्रिम, थ्रॉटलचा घट्टपणा, मिक्श्चर, पंख्याच्या पात्यांचा कोन, पेट्रोल, फ्लॅप, इंजिनाभोवतीच्या हवेच्या झडपा. आद्याक्षरं पाठ केलेली. एखाद्या विमानात त्यातली एखादी गोष्ट नसेलच, तर ‘नाही’ म्हणून पुढे जायचं, पण क्रम मोडायचा नाही. सगळी विमानं नव्वद टक्के सारखीच असतात आणि जीव जातो तो उरलेल्या दहा टक्क्यांत, हे ज्याने ही पद्धत बसवली त्याला पक्कं कळलेलं होतं.

ते दहा टक्के जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. हरिकेनमध्ये चाकं आणि फ्लॅप दोन्हींसाठी उजव्या बाजूला एकच दांडा होता, तो खाचांमधून फिरवायचा. चुकीच्या खाचेत गेला, तर चाकांऐवजी फ्लॅप हलायचे. स्पिटफायरच्या फ्लॅपना दोनच स्थिती, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, मधलं काही नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाकं वर घ्यायला हाताने पंप मारावा लागे, तोही उजव्या हाताने. म्हणजे जमीन सुटताच थ्रॉटलवरचा डावा हात विमानाच्या दांड्यावर आणायचा आणि उजव्याने पंप मारायचा. नवखा असला, की पंपाच्या प्रत्येक झटक्याबरोबर दांडाही हले आणि विमान वरखाली डुलत जाई. जमिनीवर असताना चाकाचा पाय रेडिएटरपुढे येऊन हवा अडायची, त्यामुळे इंजिन भराभर तापायचं. लांब नाकामुळे समोरचं दिसत नसल्याने नागमोडी चालत जायचं, आणि तेही रेंगाळायचं नाही.

याच स्पिटफायरमध्ये पुढे मर्लिनच्या जागी ग्रिफन इंजिन आलं. मर्लिनचा पंखा कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरे, म्हणून उड्डाणाच्या धावेत नाक डावीकडे ओढलं जाई आणि वैमानिक उजव्या पायाने ते सावरी. ग्रिफनचा पंखा उलटा फिरे. नाव तेच, आकार जवळजवळ तोच, पण पाय नेमका दुसरा दाबायचा. महिनोन्‌महिने अंगात भिनलेली सवय इथे शत्रू ठरे. कार्डावरची त्याबद्दलची एक ओळ वाचली होती की नाही, एवढ्यावर पुढचे काही सेकंद अवलंबून असत.

अमेरिकेतून आलेली विमानं म्हणजे निराळंच घराणं. ब्रिटिश लढाऊ विमानात ब्रेक हाताने दाबायचा, अमेरिकन विमानात पायाच्या चवड्यांनी. एअराकोब्रात इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, आणि आत शिरायला मोटारीसारखं दार. टायफून या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये इंजिनाचा विषारी वायू शिरे, त्यामुळे जमिनीवरसुद्धा ऑक्सिजनचा मास्क लावून बसायचं. स्टर्लिंग या ब्रिटिश बॉम्बरचं कॉकपिट जमिनीपासून सुमारे २२ फूट वर. तिथून धावपट्टी किती खाली आहे याचा अंदाज डोळ्यांना पुन्हा नव्याने शिकवावा लागे.

एवढं करून वैमानिकाजवळ रेडिओ नसे. ढगात शिरून उपकरणांवर उडण्याचं शिक्षणही संस्था मुद्दाम देत नव्हती, कारण ते आलं की माणूस खराब हवेत जायचं धाडस करतो, अशी तिची धारणा होती. ढगांचा तळ किमान ८०० फूट असावा, हा नियम. नकाशा, घड्याळ, होकायंत्र, खाली दिसणारे रूळ आणि नद्या, एवढ्यावर प्रवास. वाटेत शहरांभोवती शत्रूच्या विमानांसाठी सोडलेले फुगे आणि त्यांचे पोलादी दोर. उपकरणांवर उडायला न शिकवण्याच्या या धोरणाबद्दल मला आजही शंका वाटते. हवा अचानक बिघडते, ती वैमानिकाला विचारत नाही. ५ जानेवारी १९४१ला एटीएच्या एमी जॉन्सन ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला एक एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान घेऊन निघाल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडणारी ही पहिली स्त्री. वाट चुकून त्या टेम्सच्या मुखाशी पोचल्या आणि पॅराशूटने बर्फगार पाण्यात पडल्या. त्यांना वाचवायला पाण्यात उडी घेणारा नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचरही वाचला नाही. एमींचा देह सापडला नाही. संस्थेची १७०हून अधिक माणसं या कामात गेली, आणि त्यातल्या पुष्कळांना हवेनेच नेलं.

माणसं जगभरातून आली होती. पोलंडच्या मार्शल पिवसुदस्कींची मुलगी यादविगा त्यांत होती. चिलीची मार्गो दुहाल्डे आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. कार्ड वाचता यायला हवं, म्हणून तिला आधी मेकॅनिकांच्या हाताखाली ठेवलं आणि ती विमानाच्या सुट्या भागांबरोबर भाषा शिकली. मेरी एलिस यांनी ७६ प्रकारची विमानं चालवली. एकदा त्या वेलिंग्टन घेऊन उतरल्या, तेव्हा तळावरच्या लोकांनी वैमानिक कुठे आहे असं विचारलं. ‘मीच’ म्हटल्यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी विमानात शिरून शोध घेतला.

पाचव्या वर्गापर्यंत अकराच स्त्रिया पोचल्या. त्यांत पहिल्या लेटिस कर्टिस. हवाई दलात ज्या बॉम्बरवर सात जणांचा ताफा असे, तो एटीएत वैमानिक आणि एक फ्लाइट इंजिनिअर अशी दोनच माणसं नेत. कर्टिस यांनी अशी शेकडो चार-इंजिनी विमानं पोचवली. युद्ध संपता संपता जेट आलं, तेही या संस्थेच्या वाट्याला आलं. व्हेरोनिका व्होल्कर्झ यांनी १९४५ मध्ये मीटिऑर पोचवलं.

प्रकारांच्या संख्येत जगात पहिलं नाव मात्र एटीएतलं नाही. ते ब्रिटिश नौदलाचे चाचणी-वैमानिक एरिक ब्राउन यांचं: ४८७ प्रकार. त्यांत एकाच विमानाच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेगळ्या मोजलेल्या नाहीत. युद्धानंतर हाती लागलेली जर्मन विमानं, अगदी रॉकेटवर चालणारं मेसरश्मिट १६३ सुद्धा, त्यांनी उडवली. ३ डिसेंबर १९४५ला विमानवाहू जहाजावर जेट उतरवणारे ते पहिले. हा आकडा ओलांडणारा कुणी पुढे होईल असं वाटत नाही, कारण इतक्या प्रकारांची विमानं आता कुणी बनवत नाही. पण दोन्ही कामं वेगळी. ब्राउन यांना विमान काय करू शकतं ते टोकाला जाऊन शोधायचं होतं. एटीएच्या वैमानिकाला त्या टोकापासून दूर राहून ते जसंच्या तसं दुसऱ्याच्या हाती द्यायचं होतं. सांभाळून न्यायच्या या कौशल्याला विक्रमांच्या पुस्तकात जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते.

३० नोव्हेंबर १९४५ला संस्था बंद झाली. पुरुषांपैकी काहींना विमान कंपन्यांत नोकऱ्या मिळाल्या. लँकेस्टर आणि हॅलिफॅक्ससारखे चार-इंजिनी बॉम्बर नेलेल्या स्त्रियांना कंपन्यांनी बहुधा दारातूनच परत पाठवलं. जॅकी मॉगरिज पुढे प्रवासी विमानाच्या कॅप्टन झाल्या, तो अपवाद. डायना बार्नाटो वॉकर यांनी १९६३ मध्ये लायटनिंग या जेटमधून ध्वनीचा वेग ओलांडला. ब्रिटिश सरकारने हयात असलेल्यांना गौरवाचा बिल्ला दिला तो २००८ मध्ये, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. व्हाइट वॉल्थमजवळच्या मेडनहेड गावातल्या वारसा केंद्रात आता एटीएची कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत.

लेटिस कर्टिस उडत राहिल्या. १९९२ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यांनी हेलिकॉप्टरचा परवाना मिळवला.